न कोसळलेला उतार

एखाद्याने साहस केले आणि ते तडीस गेले, की आपण त्याच्या धैर्याची वाखाणणी करतो. तेच साहस अंगाशी आले, की त्याच माणसाला अविचारी ठरवून मोकळे होतो. दोन्ही वेळा त्याचा निर्णय एकच होता आणि त्याच्यापुढील माहितीही तीच होती. निराळा होता तो केवळ शेवट. आणि शेवट तर निर्णयाच्या क्षणी त्याच्या हाती नव्हता. मग शहाणपण आणि अविचार यांतील भेद आपण नेमका कशावरून करतो? रोजच्या व्यवहारात या प्रश्नाचा छडा लावणे अवघड जाते, कारण तेथील धोके अस्पष्ट असतात आणि त्यांचे परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात. म्हणून प्रस्तुत लेखात मी विचारासाठी असा एक धोका निवडला आहे, की ज्याचे शास्त्र बऱ्यापैकी प्रगत आहे, ज्याचा निकाल काही क्षणांत लागतो आणि ज्याचा पुरावा बहुधा निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच पसरलेला असतो. तो धोका म्हणजे वसंत ऋतूत उंच पर्वतांवर होणारे हिमस्खलन.

माळव्यात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना वसंत परिचित आहे तो पळसाच्या फुलांनी आणि आंब्याच्या मोहोराने. बर्फाशी आपला संबंध यात्रेपुरता. बदरी-केदारच्या वाटेवर देवी अहिल्याबाईंनी यात्रेकरूंची सोय केली, हे इंदूरकर अभिमानाने सांगतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या यात्रेच्या आठवणीही निघतात. परंतु त्या देवळांची दारे उघडतात तोवर वाटेवरचा बर्फ बव्हंशी वितळलेला किंवा हटवलेला असतो. त्याआधी, फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत, त्या पहाडांत काय घडत असते हे यात्रेकरूच्या दृष्टीस पडत नाही.

ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. हिवाळ्यातील प्रत्येक वादळ आपला एक थर टाकून जाते आणि हे थर एकमेकांना सारख्याच घट्टपणे चिकटतात असे नाही. मधला एखादा थर भुसभुशीत राहिला, तर त्यावरचा भार कधीतरी फरशीसारखा अख्खाच्या अख्खा सुटून खाली येतो. अशी घसरण बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते. याहून सपाट जागी बर्फ सहसा टिकून राहतो. याहून पुष्कळ उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही, थोडाथोडा झडत राहतो. शाळेच्या कंपासपेटीतील गुण्याचा तीस अंशांचा कोपरा आठवून पाहावा. तेवढा उतार मनात धडकी भरवणारा नसतो. तो चढण्याजोगा आणि बर्फावर खेळण्याची हौस असलेल्याला तर मोहात पाडणारा दिसतो. धोक्याने येथे धोक्याचे रूप घेतलेले नसते, ही पहिली अडचण.

वसंतात या मांडणीवर दोन बाजूंनी ताण येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून येणारी वादळे, ज्यांना हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, एका-दोन दिवसांत नव्या बर्फाचा मोठा भार जुन्या थरांवर टाकतात. पुढे ऊन चढू लागले, की वितळलेले पाणी थरांतून झिरपते, मध्ये एखादा दाट थर लागला की त्यावर साचते आणि कणाकणांतील बंध सैल करते. असा ओला बर्फ घनमीटरला ३०० ते ५०० किलो भरू शकतो. तो कोरड्या बर्फाच्या मानाने सावकाश येतो, पण थांबला की चुन्याच्या कामासारखा आवळून बसतो. युरोपातील नोंदींच्या अभ्यासावरून असे दिसते, की पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्धा तास उलटल्यावर तिघांपैकी जेमतेम एक.

आता या धोक्याचा विशेष पाहा. रात्र निरभ्र असेल, तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून गोठतो. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरीही तो गोठू शकतो. आकाश ढगाळ असेल, तर ढग गोधडीसारखे वर राहतात, पृष्ठभाग गोठत नाही आणि आदल्या दिवशीचा ओलावा तसाच पहाटेपर्यंत पोचतो. म्हणजे नुसता तापमापक पाहणारा फसतो. रात्री उठून तारे दिसतात का, हे पाहणारा अधिक जाणतो. चांगल्या गोठलेल्या पहाटे बुटाची कड बर्फात जेमतेम उमटते. ऊन आले, की आधी पूर्वेकडे तोंड असलेले उतार मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार हिवाळ्याचे दुबळे थर पुष्कळ दिवस पोटात बाळगून असतात. पाय घोट्यापर्यंत रुतू लागला, की सावध व्हावे. तो गुडघ्यापर्यंत जाऊ लागला, खडकांच्या कडेने बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागले, पावलाखाली दबका धप्प असा आवाज झाला किंवा पृष्ठभागावर भेग धावत गेली, की थांबून विचार करण्याची वेळही टळून गेलेली असते. सकाळी सहाला जी वाट असते, तोच उतार दुपारी बाराला सापळा झालेला असू शकतो.

तेव्हा ‘हा उतार सुरक्षित आहे काय?’ हा प्रश्नच सदोष आहे. आजची रात्र कशी गेली, या घटकेला या तोंडाच्या उतारावर काय स्थिती आहे आणि आपण त्याखालून किती वाजेपर्यंत बाहेर पडू, असा प्रश्न विचारावा लागतो. कालचे उत्तर आज चालत नाही. नीतीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. जो धोका कोणालाच कळण्याजोगा नसतो, त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. वसंतातील ओल्या बर्फाचा धोका मात्र मोठ्या प्रमाणात वाचता येतो. म्हणून तेथे ‘आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर पुरेसे होत नाही. ‘तुम्ही पाहिलेत का?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पाहण्याची व्यवस्थाही समाजाने उभी केली आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथील संस्था १९४५ पासून हिमस्खलनाची माहितीपत्रके काढत आली आहे. आपल्याकडे १९६९ मध्ये मनाली येथे याच कामासाठी संरक्षण संशोधन खात्याची संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी विलीनीकरण होऊन चंडीगढ येथील ‘डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था झाली. युरोपीय देशांनी १९९३ मध्ये धोक्याच्या पाच पायऱ्यांची एकच श्रेणी स्वीकारली. या श्रेणीविषयीचा स्विस अनुभव चिंतनीय आहे. तेथील हिमस्खलनांत मृत्यू पावणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक चौथ्या किंवा पाचव्या पायरीच्या दिवशी मरत नाहीत. ते तिसऱ्या पायरीच्या दिवशी मरतात. चौथ्या-पाचव्या पायरीला बहुतेक माणसे घरीच बसतात. तिसरी पायरी म्हणजे ‘धोका लक्षणीय आहे, पण तारतम्याने जाता येईल’ असा दिवस. तारतम्य हा शब्द आला, की प्रत्येकाला ते आपल्यापाशी आहेच असे वाटते.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. माणूस तारतम्य शिकतो ते अनुभवाने. आमटीत मीठ जास्त पडले, की पहिल्या घासाला कळते आणि उद्या हात आवरतो. उताराच्या बाबतीत असे होत नाही. एखादा मनुष्य चुकीच्या वेळी, चुकीच्या उताराखालून दहादा गेला आणि दहाही वेळा काही झाले नाही, तर त्याला काय कळते? कदाचित उतार खरोखरच भक्कम होता. कदाचित तो दहाही वेळा केसाच्या अंतराने वाचला. या दोहोंतील फरक उतार सांगत नाही. उलट प्रत्येक खेपेला शिखर, सुंदर सकाळ आणि सोबत्यांची शाबासकी मिळते. चुकीला येथे शिक्षा क्वचित आणि बक्षीस वारंवार, अशी उलटी शाळा भरते. त्या शाळेतील अनुभव माणसाला शहाणा करतोच असे नाही. निर्ढावलेला मात्र खात्रीने करतो.

इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातील अमेरिकेतील ७१५ हिमस्खलन-अपघात तपासले. ओळखीच्या मुलखात वावरताना उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या गटांनीही अप्रशिक्षितांइतकाच धोका ओढवून घेतला होता, असे त्याला आढळले. परिचयाने ज्ञानाचा लाभ जणू पुसून टाकला होता. याहून दारुण उदाहरण सियाचेनच्या पलीकडच्या बाजूचे आहे. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथील पाकिस्तानी सैन्याच्या तळावर प्रचंड हिमस्खलन होऊन १२९ सैनिक आणि ११ नागरिक, एकूण १४० माणसे गाडली गेली. तो तळ सुमारे वीस वर्षे त्याच जागी होता आणि सुरक्षित समजला जात होता. दुर्घटना घडली तीही भल्या पहाटे. म्हणजे पहाटेचा नियमही मंत्र नव्हे. आणि वीस वर्षांचे मौन म्हणजे डोंगराने दिलेली हमी नव्हे. शत्रुपक्षाची ती माणसे होती म्हणून या गोष्टीतील शिकवण आपल्याला कमी लागू होते, असे मला वाटत नाही.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये ‘श्रद्धेची नीती’ या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचा दाखला आहे. जहाज जुने, डागडुजीला आलेले. मालकाच्या मनात शंका आली, पण दुरुस्तीचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहिला. इतक्या सफरी या जहाजाने सुखरूप केल्या, हीही करील, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि प्रवाशांना निरोप दिला. जहाज बुडाले. क्लिफर्डच्या मते मालक दोषी आहेच; पण त्याचे पुढचे म्हणणे अधिक विचार करायला लावणारे आहे. समजा जहाज बुडाले नसते, तर मालकाचा दोष कमी झाला असता काय? क्लिफर्ड म्हणतो, मुळीच नाही. फक्त तो उघडकीस आला नसता. मालकाचा विश्वास प्रामाणिक असेलही, पण समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता.

आपल्या परंपरेत फळाविषयी अनासक्ती सांगितली आहे आणि तिचा एक सोयीस्कर अर्थ लावला जातो: आपण कर्म करावे, पुढचे देव पाहील. पण गीतेच्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण सांगितले आहे, ते या अर्थाला छेद देणारे आहे. परिणाम काय होतील, हानी किती होईल, कोणाला इजा पोचेल आणि आपली कुवत कितपत आहे, याचा विचार न करता मोहापोटी हाती घेतलेले कर्म तेथे तामस ठरवले आहे. म्हणजे फळाची हाव सोडायची आहे, फळाचा विचार नव्हे. पुढे काय होऊ शकते याचा शोध घेणे हा कर्माचाच भाग झाला. तो गाळून केलेले कर्म सुखरूप पार पडले, तरी त्याची जात बदलत नाही. क्लिफर्डचा जहाजमालक आणि गीतेचा तामस कर्ता यांना शेजारी बसवावे, असे मला अनेकदा वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मग शेवटाला काहीच किंमत नाही काय? दोन तुकड्या एकाच दुपारी, सारख्याच बेफिकिरीने, एकाच उताराखालून गेल्या. पहिली पार झाली, दुसरीवर बर्फ आला. दोघांना आपण एकाच तागडीत कसे तोलणार? दुसऱ्या तुकडीच्या म्होरक्याला उत्तर द्यायचे आहे ते मृतांच्या घरच्यांना. पहिल्याला कोणीच विचारणार नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी याला ‘नैतिक नशीब’ असे नाव दिले आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी या कल्पनेची चर्चा केली. माझे मत असे, की शेवटाने देणे ठरते, निर्णयाची योग्यता ठरत नाही. ज्याच्या हातून जीव गेले त्याच्यावर भरपाईचे, सांत्वनाचे आणि जन्मभराच्या स्मरणाचे ओझे येते. ते पहिल्यावर येत नाही. पण ‘तू योग्य केलेस काय?’ या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही एकच द्यावे लागते. आपण मात्र पहिल्याला हार घालतो आणि त्याच्याकडून उद्याच्या म्होरक्यांना धडा देववतो.

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले, की धोका जोखणारा आणि तो सोसणारा एकच आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा वेगळे असतात आणि प्रश्न अधिक गहन होतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन होऊन सात पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच दिले जात होते. पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. त्या दोन मैलांत कोणीतरी कोणालातरी ‘काही होत नाही’ असे म्हटले असणार. मैदानातून गेलेल्या पर्यटकाला उतार वाचता येत नाही. तो सोबतच्या स्थानिक माणसाचा चेहरा वाचतो. तो चेहरा निर्धास्त असला, की त्याला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणूनच ज्याच्या निर्धास्तपणावर दुसरे विसंबतात, त्याला स्वतःपुरते बेफिकीर राहण्याचीही मोकळीक उरत नाही.

एव्हरेस्टवर १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी खुंबूच्या हिमप्रपातात वरून बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मरण पावले. ते वरच्या तळांसाठी सामान पोचवण्याच्या आणि वाट तयार करण्याच्या कामावर होते. शिखरावर जाणारा पाहुणा त्या जागेतून मोजक्या वेळा जातो; त्याची शिदोरी, तंबू आणि प्राणवायूच्या नळकांड्या वाहणारा कामगार कितीतरी अधिक वेळा. सरकारने प्रत्येक कुटुंबाला प्रथम ४०,००० नेपाळी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा कामगारांत संतापाची लाट उसळली. पुढच्या वर्षी ती वाट पश्चिमेकडच्या कड्यापासून दूर, हिमप्रपाताच्या मध्यभागी हलवण्यात आली. वाट हलवता येण्याजोगी होती, हे सोळा माणसांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले.

आणि आपल्या बद्रीनाथाजवळचे माणा. २८ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र होऊन दोनच दिवस झालेले. सीमा सडक संघटनेच्या कामावरील ५४ मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन आले. सैन्याच्या आणि इतर पथकांच्या शर्थीच्या प्रयत्नांनी ४६ जण वाचले, आठ दगावले. आदल्या दिवशी संध्याकाळी चंडीगढच्या त्याच संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या पहाडी जिल्ह्यांसाठी, २४०० मीटरहून उंच भागांत, पुढील चोवीस तासांकरिता हिमस्खलनाचा इशारा दिला होता. माणा सुमारे ३२०० मीटरवर आहे. कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा या लेखाचा हेतू नाही. मला विचार करावासा वाटतो तो इशारा आणि मजूर यांच्यामधल्या अंतराचा. इशारा जिल्ह्याच्या नावाने निघतो. मजूर एका विशिष्ट उताराखालच्या विशिष्ट खोलीत झोपलेला असतो. मधल्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वाटू शकते, की आपले काम कागद पुढे पाठवण्याचे होते आणि ते आपण केले. प्रशासनात आयुष्य घालवलेल्यांना ही भावना चांगलीच परिचित आहे. पण धोक्याचे ज्ञान कागदावर असणे आणि ज्याच्या छातीवर बर्फ येणार आहे त्याच्या कानी असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कानी असले तरी एक प्रश्न उरतो. बिहार-उत्तर प्रदेशासारख्या दूरच्या प्रांतांतून रोजगारासाठी आलेल्या मजुराला ‘आज मी येथे झोपणार नाही’ असे म्हणण्याची कितपत सोय असते? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

मात्र येथे थांबलो, तर विचार एकांगी होईल. सावधगिरीचीही किंमत असते आणि तीही पुष्कळदा गरिबालाच मोजावी लागते. काश्मीर आणि लडाख यांना जोडणारी झोजी ला खिंड पूर्वी वर्षातून सहा-सहा महिने बंद असे. २०२५ मध्ये ती केवळ ३२ दिवसांनी, १ एप्रिलला पुन्हा खुली झाली. बर्फाच्या भिंतींतून रस्ता कोरणारी माणसे धोका पत्करत नसती, तर पलीकडच्या गावांचे धान्य, औषधे आणि अडलेल्या बाळंतिणी यांचे काय झाले असते? लाहौल खोऱ्याने १९७९ च्या मार्चमध्ये हिमस्खलनांत सुमारे दोनशे माणसे गमावली. तरी लोक ते खोरे सोडून गेले नाहीत, कारण शेतीवाडी आणि घरदार तेथेच होते. २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हा रोहतांगच्या पलीकडची हिवाळी कोंडी फुटली. तो बोगदाही कोणीतरी खणलाच. तेव्हा ‘धोका असेल तेथे जाऊ नये’ हा नियम म्हणजे नीती नव्हे. तो फक्त ज्याला जाण्याची गरज नाही त्याचा आराम आहे.

शिवाय सावध माणसाच्या वाट्याला एक विचित्र एकाकीपण येते. महसूल खात्यात असताना निमाडात पावसाळ्याच्या एका रात्री नर्मदाकाठची वस्ती उंचावरच्या शाळेत हलवण्याचे काम आमच्यावर आले होते. भिजलेली गाठोडी, शेळ्या, रडणारी पोरे असे सारे मध्यरात्री वर नेले. पाणी घाटाच्या वरच्या पायरीखाली दोन हात येऊन थबकले आणि पहाटे उतरू लागले. सकाळी गावातला एक वृद्ध शांतपणे म्हणाला, की साहेब, आपण उगाच त्रास घेतलात आणि दिलात. त्याचे म्हणणे खोडून काढण्यासाठी माझ्यापाशी काहीच पुरावा नव्हता. आलेल्या पुराची फाइल होते, त्यावर चौकशी बसते, कोणाचा सत्कारही होतो. न आलेल्या पुराची फाइल नसते. पुढच्या वर्षी त्याच गावाला उठवणे अधिक अवघड जाते, हे मात्र खरे. आणि वृद्धाचा राग समजून घेणे, पुढच्या खेपेला त्याला आधीच सारे नीट सांगणे, हेही जोखणाऱ्याच्या कर्तव्यात येते. निष्कारण दिलेला प्रत्येक इशारा खऱ्या इशाऱ्याची किंमत कमी करतो.

मग योग्य जोखणे म्हणजे काय? शेवट पाहून ते ठरवायचे नसेल, तर काय पाहायचे? माझ्या मते चार गोष्टी. पहिली: पाहणे आजचे होते की कालचे? रात्रीचे आकाश, पावलाखालचा बर्फ, उताराचे तोंड, नव्या हिमाचा भार हे त्या दिवशी नव्याने तपासले गेले की परिचयावर निभावले? दुसरी: गरज आणि धोका यांचे प्रमाण काय होते? अडलेल्या बाळंतिणीसाठी पत्करलेला धोका आणि छायाचित्रासाठी पत्करलेला धोका यांचे वजन एक नाही. तिसरी: धोका ज्याच्या अंगावर येणार होता, त्याला तो त्याच्या भाषेत सांगितला होता का, आणि नाही म्हटल्यास त्याची रोजी बुडणार नाही अशी व्यवस्था होती का? चौथी: माघारीची वेळ निघण्यापूर्वी ठरली होती का? कारण उन्हात चढून शिखर हाकेच्या अंतरावर आल्यावर माणूस बर्फाचे निरीक्षण करत नाही, बर्फाशी वकिली करतो. घरी, थंड डोक्याने ठरवलेली ‘दहा वाजता जेथे असू तेथून परत’ ही मर्यादा त्या वकिलीपासून त्याचे रक्षण करते.

या चारही कसोट्यांना उतरूनही एखाद्यावर बर्फ येईल. अशा वेळी त्याला दोष देण्याचा मोह आवरणे हेही न्यायाचेच अंग आहे. आणि चारही कसोट्या धुडकावून कोणी हसत परत येईल. त्याच्या गळ्यात हार घालताना हात थोडा थबकावा, एवढीच अपेक्षा.

आपल्या घरांतील नातवंडे आता उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिल-मे महिन्यांत, हिमालयात पदभ्रमणाला जातात. ते पाहून माझ्यासारख्याला आनंदच होतो. आपल्या आधीच्या पिढ्या देवाच्या ओढीने गेल्या, ही मुले डोंगराच्या ओढीने जातात. ती परत आली, की आपण विचारतो, सुखरूप आलात ना, आणि शिखर गाठलेत ना? दोन्ही प्रश्न शेवटाचे आहेत. यापुढे त्यांत एका प्रश्नाची भर घालावी असे सुचवतो: निघताना परतीची वेळ किती ठरली होती, आणि ती पाळलीत का? एखादा नातू खाली मान घालून म्हणेल, की आजोबा, शिखर अर्ध्या तासावर होते, पण बर्फ मऊ झाला होता म्हणून आमच्या म्होरक्याने परत फिरवले. नंतर तर काहीच कोसळले नाही. त्या म्होरक्याचे नाव विचारून घ्यावे आणि त्याला चार ओळींचे पत्र लिहावे. त्याला तसे पत्र दुसरे कोणी लिहिणार नाही.